कोनशिला आणि अक्षयनीवी

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तो नाणी आणि व्याजदर यांच्या संदर्भात येतो. पण दानाविषयी लिहिणाऱ्याने तो आधी वाचावा असा आहे. डोंगर कोरून लेणे भिक्षुसंघाला दिले, एवढ्यावर उषवदात थांबलेला नाही. गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण ठेवले. त्यांतल्या २००० वर दरमहा शेकडा एक, उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर ठरवला. मुद्दलाला कोणी हात लावायचा नाही. २००० चे व्याज वर्षाला २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत असे लेखात म्हटले आहे. हिशेब बरोबर जुळतो. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. ही सारी व्यवस्था निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवली, असेही लेख सांगतो. नुसते लेणे दिल्याने भिक्षूंचा पावसाळा निघत नाही आणि पावसाळा दर वर्षी येतो, हे त्या काळच्या एका दात्याला पक्के ठाऊक होते.

आज धर्मादाय रुग्णालयात एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर संगमरवरी पाटी असते. देणगीदाराचे नाव, उद्घाटकाचे नाव, तारीख. सरकारी रुग्णालयात नावे मंत्र्यांची असतात, एवढाच फरक. आणि कित्येकदा त्याच पाटीशेजारी, दाराच्या काचेवर, चिकटपट्टीने लावलेला एक कागद असतो: ‘मशीन बंद आहे.’ किती दिवस बंद, सुरू कधी होणार, तोवर रुग्णाने जायचे कुठे, यातले त्यावर काही नसते. पाटी आणि कागद शेजारी शेजारी वाचले की मला त्यात एक धर्मप्रश्न दिसतो. दान पुरे केव्हा होते? यंत्र दारात उतरले तेव्हा, पहिल्या रुग्णाचा मेंदू त्याने दाखवला तेव्हा, की दहा-बारा वर्षे राबून ते मोडीत निघाले तेव्हा? माझे म्हणणे असे की अशा यंत्राचे दान म्हणजे त्याच्या चालत्या तासांचे दान. जो यंत्र देतो किंवा घेतो आणि त्या तासांची तरतूद करत नाही, त्याने खरेदी केली असेल. दान केले असे म्हणता येत नाही. हे वाक्य व्यवस्थापनाच्या पुस्तकात शोभेल असे कोणी म्हणेल. पण त्याचे मूळ धर्मविचारात आहे.

आधी यंत्राचा स्वभाव पाहू, कारण सगळा वाद तिथून सुरू होतो. एमआरआयच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी असते. ती अतिवाहक राहावी म्हणून उणे २६९ अंश सेल्सिअसला, द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवतात. नेहमीच्या घडणीच्या यंत्रात हे हेलियम दीड-दोन हजार लिटर भरते. अगदी थोड्या हेलियमवर भागणारी बंदिस्त चुंबके अलीकडची. हेलियम आपण आयात करतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात या वायूची पिवळी रेघ दिसली. त्या ग्रहणाच्या पट्ट्यात विजयदुर्ग येत होता, म्हणून तिथे हेलियम दिन साजरा होतो. दिन आपला, वायू परदेशचा! हे चुंबक रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही. रुग्ण असो वा नसो, ते थंड राखणारी यंत्रणा आणि चिलर चोवीस तास चालावे लागतात. वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, चिलर अडला, की हेलियम उकळायला लागते. क्वेंच झालाच, म्हणजे चुंबकाची अतिवाहकता एकाएकी गेलीच, तर द्रवाचा सातशेपटींहून अधिक वायू होतो आणि काही मिनिटांत नळीतून आकाशात निघून जातो. मग चुंबक पुन्हा थंड करून भरायलाच लाखो रुपये पडतात. सीटीचे दुखणे निराळे. तिची एक्स-रे ट्यूब प्रत्येक स्कॅनला थोडी झिजते, कधी ना कधी ती बदलावीच लागते आणि तिचीही किंमत लाखांत असते.

रुग्ण नसतानाही एमआरआयचे चुंबक जागे असते, हे ध्यानात न ठेवल्याने जीव गेला आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात रुग्णाचा तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला आणि चुंबकाने त्याला सिलिंडरसकट ओढून घेतले. यंत्र बंद असल्याचे त्याला सांगितले होते, असे घरच्यांचे म्हणणे होते. इथे कमी काय पडले? यंत्र होते, खोली होती, सूचनांचे फलक अशा खोल्यांबाहेर असतातच. कमी पडला तो दारात उभा राहून अडवणारा, शिकवून तयार केलेला माणूस. त्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्या पगारावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही.

हा एखाद-दुसऱ्या रुग्णालयाचा दोष असता तर त्यावर निबंध लिहायची गरज नव्हती. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखला गेला, त्यासाठी देशभर मोजणी झाली. २९,११५ आरोग्यसंस्थांत लहानमोठी ७,५६,७५० उपकरणे सापडली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये १६ गरीब देशांतल्या लाखाहून अधिक उपकरणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ३८ टक्के बंद निघाली. म्हणजे आळशी अधीक्षक किंवा लाचखाऊ ठेकेदार एवढ्यावर हे भागत नाही. घेण्याला मान आणि राखण्याला कमीपणा अशी मनाची घडणच त्यामागे आहे. सरकारी हिशेबात यंत्र भांडवली खर्चात बसते, देखभाल महसुली खर्चात. पहिल्यासाठी विशेष निधी, खासदार निधी, एखाद्या कंपनीचा सामाजिक दायित्व निधी मिळतो, दुसऱ्यासाठी दर मार्चला हात पसरावे लागतात. वॉरंटी संपली की सर्वंकष देखभालीचा करार करायचा असतो. त्याचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या ५ टक्के धरला तरी दहा वर्षांत निम्मी किंमत पुन्हा मोजावी लागते. हा आकडा उद्घाटनाच्या दिवशीही काढता येतो. कोणी काढत नाही, कारण त्या दिवशी तो काढणे अशुभ वाटते.

यावर पहिला आक्षेप धार्मिक माणसाकडून येतो आणि तो वजनदार आहे. दिले की सोडून द्यावे, असे आपल्याला शिकवले आहे. ‘न मम’ म्हणून आहुती दिल्यावर तिचे पुढे काय झाले ते यजमानाने विचारायचे नसते. दिलेल्या वस्तूमागे फिरत राहणे ही आसक्ती, फळाची वासना. मग देणगीदाराने यंत्राच्या तासांचा हिशेब मागत राहावे हे निष्काम कर्मात कसे बसते? मला वाटते इथे दोन गोष्टींची गल्लत होते. निष्काम कर्मात सोडायचे असते ते आपल्याला मिळणारे फळ: नाव, पुण्य, करसवलत. रुग्णाला मिळायचे फळ सोडण्याचा अधिकार दात्याला कोणी दिला? संगमरवरी पाटीचा आग्रह धरायचा आणि देखभालीची गोष्ट निघाली की अनासक्त व्हायचे, हा वैराग्याचा सोयीस्कर प्रकार झाला. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितले आहे. ज्या रुग्णालयात वीज दिवसातून चार वेळा जाते, रेडिओलॉजिस्टचे पद वर्षानुवर्षे रिक्त आहे आणि तंत्रज्ञ एकच, तिथे तीन टेस्लाचे यंत्र नेऊन उभे करणाऱ्याने या तिन्हींपैकी काहीच पाहिलेले नसते.

आणि परंपरेने ‘सोडून देणे’ तरी किती नेटके सांगितले आहे! पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतला भेद उलगडला आहे. दानात वस्तूवरचे आपले स्वामित्व सोडून दुसऱ्या कोणाचे तरी स्वामित्व निर्माण करायचे. उत्सर्गात तळे, विहीर, आमराई सर्व भूतांसाठी मोकळी करायची. दाता मालक उरत नाही, सगळ्यांपैकी एक म्हणून त्यानेही ते पाणी प्यावे. रुग्णालयातले यंत्र या दुसऱ्या वर्गात बसते, कारण ते कोणा एकाला दिलेले नसते. पण उत्सर्गाने मालकी संपली तरी कर्तव्य संपत नाही. पडझड झालेल्या विहिरी-तळ्यांची दुरुस्ती करणाऱ्यालाही ती नव्याने बांधणाऱ्याचे पुण्य लाभते, असे स्मृतींत आहे. दख्खनच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत गावे-जमिनी देताना एक ठरावीक प्रयोजन पुन्हा पुन्हा लिहिलेले सापडते: खंडस्फुटित-जीर्णोद्धार, म्हणजे तुटले-फुटले ते सावरण्यासाठी. देऊळ बांधतानाच ते एक दिवस तडकणार हे गृहीत धरलेले होते. अहिल्याबाई होळकरांनी हिंदुस्थानभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. पण त्या टिकल्या त्यांच्या खर्चाला आपल्या खासगी दौलतीचे कायम उत्पन्न लावून दिले होते म्हणून. यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्याला देवळांच्या बांधणीमुळे ठाऊक असतो. त्याच्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडात आरोग्यशाळेचे दान सांगितले आहे, आणि ते नुसत्या इमारतीचे नाही. तिथे औषधे हवीत आणि ती जाणणारा वैद्यही हवा. रेडिओलॉजिस्टविना सीटी स्कॅन त्या कसोटीवर तेराव्या शतकातच नापास झाले असते.

आता दुसरा आक्षेप, जो मला पहिल्याहून अवघड वाटतो. ज्या परंपरेचे दाखले देता तिने ‘सर्व भूतांसाठी’ म्हणून सोडलेल्या तळ्यावर माणसांना पाणी पिऊ दिले का? नाही दिले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि कोर्टकज्जा १९३७ मध्ये उच्च न्यायालयात संपला. ही परंपरेची लाज आहे; तिला तळटीप म्हणून बाजूला सारता येणार नाही. पण त्यातून माझा युक्तिवाद मोडत नाही, त्याला धार येते. महाडने दाखवून दिले की वस्तू सार्वजनिक आहे की नाही हे ठराव ठरवत नाही, पाटी ठरवत नाही, तिथवर कोण पोहोचू शकतो ते ठरवते.

एमआरआयच्या खिडकीला हीच कसोटी लावा. जातीने अडवणारे तिथे आज कोणी नसते. अडवते ती ‘तारीख’. केसपेपर काढलेला, कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरलेला माणूस खिडकीशी पोहोचतो आणि त्याला पाच-सहा आठवड्यांनंतरचा दिवस मिळतो. ज्याच्याकडे नगरसेवकाची चिठ्ठी आहे किंवा वॉर्डात ओळख आहे त्याला परवाचा. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो रस्त्यापलीकडच्या सेंटरमध्ये संध्याकाळी करून घेतो. ज्याच्यापाशी दोन्ही नाही तो मंगळसूत्र गहाण टाकतो किंवा तपासणीच सोडून देतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातल्या ४१ कक कलमाखाली धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. २००६ च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची आहे. कायदा चांगला आहे, आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून कार्यकर्त्यांना झगडावे लागते ही निराळी गोष्ट. पण त्याने राखीव ठेवल्या आहेत त्या खाटा. आजच्या रुग्णालयात खाटेपेक्षा दुर्मीळ वस्तू म्हणजे यंत्राचा तास, आणि त्याचा असा वाटा कोणी मोजून ठेवलेला नाही. यंत्र पाच वाजता बंद होते, कारण दुसऱ्या पाळीचा तंत्रज्ञ नाही. चुंबक मात्र रात्रभर वीज खात थंड राहते. रांग दीड महिन्याची असताना यंत्र रोज सोळा तास रिकामे राहते तेव्हा ते तास कोणाकडून तरी हिरावलेले असतात, असे मी म्हणेन. अस्तेयाचे व्रत नुसते तिजोरीपुरते नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, मग चालवा की चोवीस तास! तासांचेच पुण्य असेल तर जितके स्कॅन तितके पुण्य. इथे थांबायला हवे, कारण हाच युक्तिवाद उलट्या बाजूने खासगी सेंटरवाला करतो. कर्ज काढून यंत्र घेतले, हप्ता दर महिन्याला भरायचा, तर रुग्ण हवेत; रुग्ण हवेत तर पाठवणारे डॉक्टर हवेत; आणि पाठवणाऱ्याला त्याचा कट. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला होता, तो कायदा झाला नाही. कोविडच्या दिवसांत घराघरांत ‘सीटीचा स्कोअर किती आला?’ हा प्रश्न ताप किती आहे यापेक्षा जास्त विचारला जात होता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला छातीच्या एचआरसीटीचे दर २००० ते ३००० रुपयांवर बांधून द्यावे लागले. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संचालकांनी सौम्य आजारात सीटी करू नका असे जाहीर सांगितले. एका सीटीची त्यांनी शेकडो एक्स-रेंशी केलेली तुलना रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेला पटली नाही, आणि आजच्या कमी मात्रेच्या यंत्रांचा विचार करता त्यांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. तरी मूळ सल्ला बरोबरच होता. छातीच्या नेहमीच्या सीटीत ५ ते ७ मिलीसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून वर्षभरात मिळतो तो सरासरी २.४. ज्या तपासणीने उपचारात काही बदलणार नाही तिच्यासाठी तो घेणे, आणि खऱ्या गरजूचा नंबर मागे ढकलणे, ही दुहेरी हानी आहे. म्हणून नुसते तास मोजून भागणार नाही. तो तास कोणाला आणि का दिला, हे सांगता आले पाहिजे. पक्षाघाताचा रुग्ण, अपघातात डोक्याला मार लागलेला मजूर, पाठीच्या कण्यावर गाठ दाबत असलेली बाई यांचा नंबर आधी. जुन्या कंबरदुखीचा नंतर, मग तो कोणाचाही नातलग असो. विश्वस्तपणा म्हणतात तो हाच. गांधीजींनी तो धनिकांना सांगितला. यंत्राच्या बाबतीत तो वेळापत्रक लिहिणाऱ्या कारकुनालाही लागू आहे.

राहता राहिला शेवटचा आक्षेप: गरीब जिल्ह्यात ही महागडी यंत्रे हवीतच कशाला? तेवढ्या पैशांत किती उपकेंद्रे, किती परिचारिका! यात निम्मे खरे आहे. पण पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी केल्याशिवाय कळत नाही. रक्तस्राव असताना ते औषध दिले तर रुग्ण दगावू शकतो. गडचिरोलीच्या टोकाच्या गावातून नागपूर गाठेपर्यंत ते साडेचार तास संपतात. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी चालते सीटी ही चैन नाही. उरलेले निम्मे मात्र मी मान्य करतो: जे राखता येणार नाही ते घेऊ नये. आपल्या धर्मशास्त्राने देणाऱ्याइतकेच घेणाऱ्यालाही नियम घातले. अपात्राने दान घेतले तर देणारा आणि घेणारा दोघेही बुडतात, असा त्याचा धाक होता. पात्रतेचा त्यांचा जातीय अर्थ टाकून देण्याजोगा आहे, पण स्वीकार हीसुद्धा जबाबदारी आहे हे तत्त्व टाकू नये. तंत्रज्ञ नाही, करार नाही, जनरेटर नाही अशा रुग्णालयाच्या अधीक्षकाने आलेले एमआरआय नम्रपणे नाकारले आणि त्याऐवजी दोन चांगली सोनोग्राफी यंत्रे आणि ती चालवणाऱ्या माणसांचा पाच वर्षांचा पगार मागितला, तर त्याला कृतघ्न म्हणण्याऐवजी पुढच्या वर्षी आणखी देणगी द्यावी.

तेव्हा देणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. यंत्रासाठी कोटी देणार असाल तर त्यातला तिसरा हिस्सा ठेव म्हणून ठेवा. मुद्दल राहू द्या आणि व्याज देखभालीला लावा. संगमरवरी पाटी हवी असेल तर लावा, पण तिच्याखाली दर महिन्याला बदलणारा एक साधा फलक असू द्या: यंत्र किती तास चालले, किती दिवस बंद होते, किती रुग्ण मोफत तपासले, पुढची तारीख कधीची मिळते. आणि न्यासाच्या वार्षिक सभेत नव्या यंत्राचा ठराव मांडला जाईल तेव्हा हात वर करण्याआधी जुन्या यंत्राच्या बंद दिवसांचा हिशेब मागा.